उंच फुलझाडांना तुराट्यांचा आधार

दसरा-दिवाळीच्या सुमारास झेंडू व शेवंती बहरावर येतात आणि नेमक्या त्याच दिवसांत परतीचा पाऊस वाऱ्यासह बरसतो. फुलांच्या भाराने वाकलेली झाडे पावसाने अधिकच जड होऊन आडवी पडतात व मातीला टेकलेली फुले कुजतात. शाळेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या बागेतील अनेक महिन्यांचे श्रम अशा रीतीने एका रात्रीत वाया जाऊ शकतात. झाडांना वेळीच आधार देणे, हाच यावरील उपाय होय. त्यासाठी विकतचे बांबूच हवेत असे नाही.

जालना जिल्ह्यात तुरीचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या बदनापूर येथील संशोधन केंद्राने ‘बीडीएन ७११’ सारखे तुरीचे वाण दिले आहेत. मळणीनंतर उरणाऱ्या तुराट्या चुलीसाठी अथवा कुडासाठी वापरल्या जातात. त्यांतील सरळ व जाड तुराट्या निवडून कोरड्या जागी ठेवल्यास पुढील हंगामात त्या फुलझाडांच्या कामी येतात. कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र या कामासाठी साठवू नयेत. त्यांवर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते व पुढील पिकास तिचा उपद्रव होतो.

झाड वीतभर उंचीचे असतानाच आधार द्यावा. उशिरा काठी रोवल्यास मुळे दुखावतात. तुराटी सुमारे वीतभर खोल रोवावी. शेवंतीभोवती तीन-चार तुराट्या रोवून त्यांना सुतळीचे वेढे द्यावेत व झाड वाढेल तसतसे वरचे वेढे वाढवावेत. झेंडूच्या ओळीत ठरावीक अंतरावर काठ्या रोवून दोन्ही बाजूंनी सुतळी ताणावी. डेलियासारख्या झाडास एक जाड काठी पुरते. बांधताना सुतळीचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास घालावा, म्हणजे खोड काचत नाही. बारीक तार किंवा नायलॉनची दोरी टाळावी. जुन्या कापडाच्या पट्ट्या उत्तम. काठीचे वरचे टोक मुलांच्या डोळ्यांना लागू नये म्हणून त्यावर चिंधी गुंडाळावी. जमिनीतील भागास वाळवी लागत असल्याने दरवर्षी काठ्या तपासून कुजलेल्या बदलाव्यात.

शिक्षकांनी कार्यानुभवाच्या तासाला हे काम विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. ग्रामपंचायत सदस्यांनीही मळणीच्या वेळीच तुराट्यांच्या काही मोळ्या शाळेसाठी राखून ठेवल्यास सणासुदीची फुले झाडावर टिकतील आणि त्यासाठी सुतळीखेरीज फारसा खर्च येणार नाही.