बर्फाचे यंत्र घेण्यापूर्वी हिशेब करा

बुरूज बांधण्यापूर्वी खाली बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा दाखला प्रभू येशूने दिला आहे, तो लूकच्या शुभवर्तमानात आपण ऐकतो. कर्ज काढून यंत्र घेणाऱ्यालाही तो लागू पडतो.

शेततळ्यात रोहू, कटला पाळणाऱ्यांची चांगली विक्री उपवासकाळात होते. शुक्रवारी मांस वर्ज्य. म्हणून गुरुवारी संध्याकाळी जाळे ओढायचे आणि पहाटे माल बाजारात न्यायचा. पण उपवासकाळ येतो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, ऊन तापत असताना. बर्फ कमी पडला की मासा मऊ पडतो, वास येऊ लागतो आणि गिऱ्हाईक देईल त्या भावात द्यावा लागतो. अशा वेळी चार घरे मिळून बर्फाचे यंत्र घेण्याचे ठरवतात. ते केवढे घ्यावे?

आधी गरज मोजा. एक किलो बर्फ वितळताना ८० लिटर पाणी एक अंशाने थंड करण्याइतकी उष्णता ओढून घेतो. तळ्यातून २८ अंशांवर काढलेला २०० किलो मासा शून्य अंशापर्यंत आणायला सुमारे ६० किलो बर्फ लागतो. पुढे बाजारात पोहोचेपर्यंत पेटीत बाहेरची उष्णता शिरतच राहते. म्हणून उष्ण प्रदेशात किलोभर माशाला किलोभर बर्फ हे प्रमाण धरतात. म्हणजे २०० किलो माशाला २०० किलो बर्फ.

आता यंत्राकडे पाहा. पाटीवर ‘दिवसाला १०० किलो’ लिहिलेले असते, पण तो आकडा पुष्कळदा २१ अंश हवा आणि १० अंश पाणी धरून काढलेला असतो. आपल्याकडे एप्रिलात हवा ३६ अंशांवर जाते आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणीही तापते. अशा वेळी पाटीवरच्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करून चालणे शहाणपणाचे. विक्रेत्याला ‘३५ अंश हवा व ३० अंश पाण्याला किती बर्फ निघेल?’ असे विचारून उत्तर लेखी घ्या. शिवाय वीज दिवसाला १८ तासच मिळत असेल, तर उरलेल्यातला चौथा हिस्सा आणखी कमी होतो. म्हणजे १०० किलोच्या यंत्रातून हाती येतो रोजचा ५० किलो बर्फ.

मग मोठे यंत्र घ्यावे काय? २०० किलोचे घेतले तरी याच हिशेबाने दिवसाला १०० किलोच बर्फ देईल. किंमत जास्त, वीजबिल जास्त, आणि गुरुवारी बर्फ अपुराच.

उपाय साठवणीत आहे. मासे आठवड्यातून एकदा काढायचे असतील, तर लहान यंत्र शनिवारपासून गुरुवारपर्यंत सहा दिवस चालू द्या. ३०० किलो बर्फ जमेल. जाड आवरणाच्या, घट्ट झाकणाच्या पेटीत सावलीत ठेवला, तर थोडा वितळूनही २०० किलोची गरज भागेल. पेटी मात्र लिटरवर मोजून घ्या. चुऱ्याचा बर्फ जागा फार खातो. ३०० किलोला सुमारे ६६० लिटरांची पेटी लागते. पेटीच्या तळाशी पाणी निघून जायला छिद्र हवे, कारण वितळलेल्या पाण्यात बुडालेला बर्फ लवकर संपतो.

आठवड्यातून दोनदा विक्री असेल, तर साठवायला तीनच दिवस मिळतात. तेव्हा २०० किलोचे यंत्रच योग्य. आणि वर्षातून चार-सहा वेळाच मासे काढणार असाल, तर यंत्राच्या फंदात न पडता कारखान्यातून लादी आणावी. त्यात कमीपणा नाही.

आरोग्याची एक गोष्ट विसरू नका. गोठल्याने सगळे रोगजंतू मरत नाहीत. तळ्याचे किंवा उघड्या विहिरीचे पाणी तसेच यंत्रात घातले, तर त्यातील जंतू बर्फातून माशावर येतात आणि हाच बर्फ मुलांच्या सरबतात गेला तर जुलाब ठरलेले. जे पाणी आपण निर्धास्तपणे पिऊ, त्याचाच बर्फ करा. पेटी व फावडे दर आठवड्याला धुऊन वाळवा.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी कागदावर चार आकडे मांडा: एका वेळचा मासा, दोन विक्रींमधले दिवस, विजेचे तास आणि एप्रिलातले खरे उत्पादन. कर्जाच्या कागदावर सही त्यानंतर करावी.