डॅशबोर्डचा कप्पा मिटेना? लॉक बदलण्याआधी हे पाहा

मोटारीचा ग्लोव्ह बॉक्स मिटेनासा झाला की आमचे बरेच गॅरेजवाले बंधू आधी नवे लॉक मागवतात. ही घाई आम्हाला पसंत नाही. लॉक बदलूनही कप्पा उघडाच राहिला तर गिऱ्हाईक पैसे देते, पण पुन्हा फिरकत नाही.

आधी विचारावे, एसीचा फिल्टर नुकताच बदलला का? स्विफ्ट, होंडा सिटी अशा अनेक गाड्यांत तो कप्प्यामागे असतो. फिल्टरसाठी कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबून तो सोडवतात. परत बसवताना एक बाजू खाचेबाहेर राहिली की कप्पा तिरका बसतो. फिल्टरचे झाकण नीट न बसले तरी तेच. यात पार्टचा खर्च नाही. मजुरी मात्र आधी सांगून घ्यावी.

तसे नसेल तर कप्पा रिकामा करून लॉकची जीभ अंगठ्याने दाबा. ती सहज आत जाऊन परत आली तर लॉक बहुधा ठीक आहे. जिभेला थोडे ग्रीस लावून कप्पा मिटवा आणि डाग कुठे उमटतो ते पाहा. डाग खाचेच्या बाजूला पडला तर बिजागरी झिजली असेल किंवा समोरचा हुक सरकला असेल. हुक स्क्रूवर असल्यास ढिला करून किंचित हलवता येतो.

डॅशबोर्ड स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये. २०२१ पासून आपल्याकडे नव्या मोटारींत चालकाशेजारच्या सीटलाही एअरबॅग सक्तीची आहे, आणि ती बहुतेक या कप्प्याच्या वरच असते. पिवळ्या वायरींना हात लावू नये.