गाणं अडकतं ते शेवटच्या दहा मीटरवर

धुळे-सोलापूर महामार्गावरच्या गेवराईत फायबरचं नेट घरात आलं, तसे सकाळचे अभंग आणि रात्रीची जुनी गाणी मोबाइलवरून स्पीकरवर वाजू लागली. सोबत एक तक्रारही आली. गाणं मध्येच थांबतं, पडद्यावर गोल फिरत राहतं, दोन ओळी वाजतात आणि पुन्हा थांबतं. यावर बहुतेक जण पुढच्या रिचार्जला मोठा प्लॅन घेतात. पैसे जास्त जातात आणि गाणं तिथंच अडकतं, कारण दोष बहुधा वेगाचा नसतोच.

साधा हिशेब करून पाहा. उत्तम दर्जाच्या गाण्याला सेकंदाला ३२० किलोबिट माहिती पुरते. चार मिनिटांचं गाणं दहा मेगाबाइटही भरत नाही. ४० मेगाबिटच्या प्लॅनमध्ये हिशेबानं अशी सव्वाशे गाणी एकदम वाजतील. गाण्याला हवं असतं ते सातत्य. अ‍ॅप पुढचा थोडा भाग आधीच साठवून ठेवतं. राऊटर आणि मोबाइल यांच्यामध्ये माहितीची पाकिटं हरवू लागली, की ती पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात. तेवढ्यात साठा संपतो आणि गाणं थांबतं.

भिंत, पत्रा आणि ओल

वायफाय म्हणजे रेडिओलहरी. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ गिगाहर्ट्‌झची सहा सेंटिमीटर. पहिली भिंतीतून बरी पार होते, दुसरी लवकर दमते. माळवदाच्या जुन्या घरांतल्या दगडमातीच्या जाड भिंती उन्हाळ्यात घर गार ठेवतात, पण या लहरीही शोषून घेतात. पावसाळ्यात भिंतींना ओल धरली की आणखीच. नव्या घरांत स्लॅबमधली सळयांची जाळी गच्चीकडे जाणारी लहर अडवते. पत्रा आणि लोखंडी कपाट तर लहर सरळ परतवून लावतात. परतलेली लहर मूळ लहरीत मिसळते आणि काही जागी दोन्ही मिळून क्षीण होतात. मोबाइल चार बोटं सरकवल्यावर थांबलेलं गाणं सुरू होतं, ते यामुळेच.

या प्रतिध्वनींवरचा उपाय १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. ओ'सलिव्हन रेडिओ-खगोलशास्त्रातून आलेले. माहितीचा एक वेगवान प्रवाह अनेक संथ प्रवाहांत वाटून पाठवला, तर मागून येणारा प्रतिध्वनी फारसा आड येत नाही, ही ती युक्ती. पण भिंतीनं शोषलेली लहर तीही परत आणू शकत नाही.

शेजाऱ्यांचं वायफाय

वायफायची रीत ग्रामसभेतल्या एकुलत्या एक माईकसारखी आहे. एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये आपल्याकडे १३ चॅनेल दिसतात, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न छेदणारे तीनच : १, ६ आणि ११. दाट वस्तीत पाच-सहा घरांचे राऊटर एकाच चॅनेलवर आले, की प्रत्येकाला वाट पाहावी लागते.

ब्लूटूथचा स्पीकरही याच पट्ट्यात चालतो. त्यामुळे कधी कधी नेट ठणठणीत असतं आणि तुटतो तो मोबाइल ते स्पीकर हा दुवा. याची परीक्षा सोपी आहे. एक गाणं आधी डाउनलोड करा, नेट बंद करा आणि तेच स्पीकरवर लावा. तरीही अडखळलं, तर दोष ब्लूटूथचा. स्पीकर जवळ घ्या आणि मोबाइल वायफायच्या ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावर न्या. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त केला. तिथं गर्दी कमी असते.

कुठून सुरुवात करायची?

आधी राऊटरपासून दोन पावलांवर उभं राहून गाणं लावा. तिथं नीट वाजलं आणि आतल्या खोलीत तुटलं, तर दोष घरातला आहे. अशा वेळी मोबाइलमधल्या वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपवर सिग्नलचा आकडा पाहा. उणे ५० चांगला, उणे ६७ पर्यंत चालेल, उणे ८० म्हणजे अडचण. हे आकडे फसवे असतात. उणे ५०च्या तुलनेत उणे ८०ला मोबाइलपर्यंत हजारपटीनं कमी शक्ती पोचते.

फायबरची तार घरात शिरते त्याच कोपऱ्यात, टीव्हीमागे किंवा कपाटावर, राऊटर टेकवलेला असतो. तो घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, मोकळ्या जागी लावा. उभा अँटेना आडव्या दिशेनं जास्त लहरी फेकतो, थेट वर फार कमी. वरच्या मजल्यासाठी एक अँटेना आडवा करून बघा. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन कमी गर्दीचा चॅनेल निवडा. एवढ्यानं भागलं नाही, तर दुसऱ्या टोकाला लॅन केबल ओढून दुसरा राऊटर लावा. ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते. नुसता एक्स्टेंडर घेणार असाल, तर रेंज नसलेल्या खोलीत लावू नका. जिथं सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी लावा.

विजेचंही पाहा. क्षणभर लाइट गेली तरी राऊटर नव्यानं सुरू होतो आणि जोडणी परत यायला काही मिनिटं जातात. बहुतेक राऊटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात. घेण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर मात्र जुळवून घ्या.

हे सगळं गाण्यापुरतं नाही. मुलांचा ऑनलाइन तास आणि डॉक्टरांशी व्हिडिओवरचं बोलणं याच वाटेनं जातं. तिथं तुटलेलं वाक्य महागात पडतं. म्हणून मोठ्या प्लॅनआधी ही तपासणी करा. राऊटरला केबलनं जोडलेल्या लॅपटॉपवरही गाणं तुटलं, तर दोष बाहेरचा असण्याची शक्यता मोठी. मग तारीख, वेळ आणि राऊटरवरचा कोणता दिवा लाल होता, हे चार दिवस लिहून ठेवा आणि नेट देणाऱ्याच्या हाती द्या. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीवर राऊटर बंद करून चालू करायला सांगतात. नोंदी समोर ठेवल्या, की फायबरची तार तपासायला माणूस पाठवावा लागतो.