परतीचे तिकीट आणि परदेशी शिक्षण

सुरतेच्या जुन्या शहरात मोगल सराई ही इमारत आजही उभी आहे. शहाजहानच्या राजवटीत, १६४४ साली, ती बांधली गेली. मक्केच्या वाटेवरील यात्रेकरू तेथे मुक्काम करीत. हल्ली तेथे महानगरपालिकेची कचेरी भरते. सुरतेला त्या काळी ‘मक्केचा दरवाजा’ म्हणत. पुढे यात्रेची वाहतूक मुंबई बंदराकडे गेली. जाण्यापुरतेच पैसे गाठीला बांधून निघालेले अनेक गरीब यात्रेकरू जेद्द्याच्या बंदरात अडकून पडत. यास्तव १९२५ साली हिंदुस्थान सरकारने कायदा केला : यात्रेकरूने परतीचे तिकीट काढावे, किंवा परतीच्या भाड्याची रक्कम अनामत ठेवावी.

‘तिकीट किंवा रक्कम’ या शब्दांत आजच्याही नियमाचे मर्म आहे. उधना आणि लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. माग आणि कापडगिरण्या यांवर त्यांचा संसार चालतो. अशा घरातील मुलाला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला, की कोणीतरी सांगतो, “परतीचे तिकीट जोडल्यावाचून व्हिसा मिळत नाही.” मग वडील कर्ज काढतात किंवा आईच्या पाटल्या गहाण पडतात. वस्तुतः ही धावपळ बहुधा अनाठायी असते.

निरनिराळ्या देशांची रीत पाहिली म्हणजे हे ध्यानी येते. कॅनडाच्या नियमात विद्यार्थ्यापाशी शिक्षणशुल्क, निर्वाह आणि जाण्यायेण्याचा प्रवासखर्च एवढी ऐपत असावी, असे म्हटले आहे. तिकीटच हवे असे नव्हे. न्यूझीलंड देश सोडण्याचे तिकीट मागतो, परंतु ते घेण्याइतके पैसे दाखविले तरी चालते. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशातही निर्वाहाबरोबर परतीच्या खर्चाचा उल्लेख आहे. जर्मनीत निर्वाहासाठी बंद खात्यात रक्कम ठेवण्याची पद्धत आहे. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो ठरली. अमेरिकेत तिकिटापेक्षा हेतूला महत्त्व आहे. मायदेशातील आपले घर कायमचे सोडण्याचा विचार नाही, हे विद्यार्थ्याने अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. उलट, व्हिसा हाती येण्यापूर्वी तिकीट विकत घेऊ नका, असेच अमेरिकी सरकार अर्जदारांना सांगते.

या सूचनेमागे व्यवहार आहे. विमानाचे तिकीट साधारणपणे काढल्यापासून एक वर्षच चालते. अभ्यासक्रम दोन किंवा तीन वर्षांचा असेल, तर आज काढलेले परतीचे तिकीट पदवी मिळण्याआधीच निरुपयोगी होते. शिवाय व्हिसा नाकारला गेला, तर स्वस्त तिकिटाचे पैसे बहुधा बुडतात. बँकेतील पैसे मात्र घरातच राहतात. तिकिटाचा आग्रह मुख्यतः पर्यटकांच्या व्हिसाच्या बाबतीत असतो. तोच नियम विद्यार्थ्याला लावल्याने हा घोटाळा होतो.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. काही दलाल थोड्या पैशांत बनावट तिकिटाचा कागद करून देतात. विमान कंपनीकडे केलेले खरे आरक्षण निराळे आणि ज्याची नोंदच कोठे नाही असा कागद निराळा. अधिकाऱ्याला ती नोंद पडताळून पाहता येते. खोटेपणा सिद्ध झाल्यास कॅनडात पाच वर्षे, तर ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकते. कागद दलालाने केला असला, तरी अर्जावर सही मुलाची असते, आणि शिक्षाही त्यालाच भोगावी लागते.

म्हणून पालकांनी प्रथम त्या देशाच्या सरकारने प्रसिद्ध केलेली कागदपत्रांची यादी स्वतः वाचावी. तिकीट ‘आवश्यक’ आहे की ‘तिकीट किंवा पुरेसा पैसा’, हा भेद नीट पाहावा. परतीच्या भाड्याइतकी रक्कम शुल्क आणि निर्वाह यांहून वेगळी दाखवावी. कर्ज शिक्षणासाठी असल्यास बँकेच्या मंजुरीपत्रात प्रवासखर्चाचा उल्लेख करून घ्यावा. निघताना हे कागद हातातील पिशवीत ठेवावेत; विमानतळावर उतरल्यावर तेथील अधिकारी ते पुन्हा मागू शकतो.

परतीची तजवीज मागणारा देश विद्यार्थ्यावर अविश्वासच दाखवितो असे नाही. परक्या मुलखात कोणी निराधार होऊ नये, ही जुनीच काळजी त्यामागे आहे. सरकारने मागितले नाही, तरी परतीच्या भाड्याइतके पैसे मुलाच्या नावे बाजूला ठेवणे हे शहाणपणाचेच आहे. घरी कोणी आजारी पडले, किंवा शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले, तर तेच पैसे त्याला घरी आणतील.