अंगणासह घर घेताय? आधी हे वाचा 🌿

रो हाउस किंवा छोटा बंगला घेताना फक्त घराची किंमत धरू नका.

✅ वरचा खर्च : महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क ठिकाणानुसार साधारण 5 ते 7 टक्के. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30,000 रुपये. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते.

✅ कागद : सातबारा, एनए, मंजूर नकाशा. नवीन प्रकल्प असेल तर महारेरा नोंदणी.

✅ पाणी : घर एप्रिल-मे महिन्यात बघा. बोअरला तेव्हा पाणी असेल, तरच बाग जगेल.

✅ माती : नव्या घराभोवती बहुतेक राडारोडा आणि मुरूम असतो. तो काढून लाल माती आणि शेणखत भरायचा खर्च वेगळा ठेवा.

✅ झाडं : सगळी बाग एकदम विकत आणू नका. जून-जुलैत शेवग्याची फांदी रोवा, ओळखीच्यांकडून जास्वंद, मोगऱ्याच्या काड्या मागून आणा. कढीपत्ता, पपई बियांपासून येतात. लॉन मात्र टाळा, पाणी फार पितं.

सामान हलवायला पावसाळा टाळा. कुंड्या शेवटच्या फेरीत न्या.

तुमच्याकडे जादा रोपं असतील तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, कुणाला तरी उपयोगी पडतील!