गोबर गॅस आणि सरकारचा पैसा

गोठ्यांतील शेणाचे दोन उपयोग शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक आहेत. गोवऱ्या थापून चुलींत घालाव्या, किंवा उकिरड्यांत कुजवून तें शेताला द्यावें. एक उपयोग केला कीं दुसरा बुडाला. चूल पेटली तर जमीन उपाशी, जमीन पोसली तर चूल थंड, असा हा जुना पेंच आहे. शेणापासून जळाऊ वायु काढण्याच्या विद्येचें महत्त्व याच ठिकाणीं आहे. कारण वायु काढून घेतल्यावर मागें उरणाऱ्या रबडींत खताचा नत्र बहुतेक सर्व शिल्लक राहतो.

विद्या तशी साधी. शेणांत तितकेंच पाणी कालवून तो काला हवाबंद विहिरींत सोडला, म्हणजे हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतू तो कुजवितात आणि मिथेन वायु वर येतो. या वायूंत निम्म्याहून थोडा अधिक भाग मिथेनचा व बाकीचा मुख्यतः न जळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो, तरी ज्योत निळी व निर्धूर लागते. चार-पांच जनावरांच्या शेणावर लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो. थंडी मात्र या जंतूंना मानवत नाहीं.

माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत मैल्याच्या टांक्यांतील वायु धरून त्यावर इंजिन चालविल्याची नोंद १८९७ सालची आहे, हें ऐकून मुंबईकरांना नवल वाटेल. शेणावरचे प्रयोग सरकारी कृषिसंशोधन संस्थेंत श्री. एस. व्ही. देसाई यांनीं १९३९ च्या सुमारास केले. पुढें १९५० नंतरच्या दशकांत श्री. जशभाई पटेल यांनीं 'ग्रामलक्ष्मी' हें यंत्र रचलें, आणि १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगानें तो नमुना खेडोपाडीं नेला. विहिरीवर पालथें घातलेलें पोलादी पिंप, गॅस सांचला कीं वर येणारें व सरला कीं खालीं बसणारें, हें त्याचें ओळखीचें रूप.

अडचण त्या पिंपाचीच होती. तें गंजे, वरचेवर रंग मागे, आणि यंत्राच्या किंमतीचा मोठा वांटा एकटेंच खाई. १९७३ सालीं खनिज तेलाचे भाव भडकल्यावर सरकारचें लक्ष इकडे वळलें, व १९८१-८२ पासून राष्ट्रीय प्रकल्प सुरू होऊन बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागें शेतकऱ्याला अनुदान मिळूं लागलें. पण महाग यंत्रावर अनुदान देणें आणि यंत्रच स्वस्त करण्यासाठीं संशोधकाला पैसा पुरविणें, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा हिशेब सोपा. किती यंत्रें बांधलीं हा आंकडा अहवालांत शोभतो. किती चालतात हें समजण्यास गांवोगांव हिंडावें लागतें.

दुसऱ्या वाटेनें काय साधतें तें उत्तर प्रदेशांत दिसलें. तेथील सरकारच्या नियोजन-संशोधन विभागानें १९७८ सालीं चिनी पद्धतीवरून 'जनता' यंत्र काढलें. त्यांत पोलाद नाहीं, जमिनींत पुरलेला विटांचा घुमट. गॅसच्या दाबानें काला बाजूच्या हौदांत चढतो आणि गॅस वापरला कीं परत येतो. १९८४ सालीं दिल्लीच्या 'अफप्रो' या स्वयंसेवी संस्थेनें 'दीनबंधु' नमुना दिला. गोलाच्या दोन भागांची सांगड घालून त्यांत भिंतीचें क्षेत्र कमी केलें, म्हणून विटा व सिमेंट कमी लागलें. एवढ्या भूमितीनें जी काटकसर झाली ती प्रत्येक नव्या यंत्रागणिक पुन्हां पुन्हां होते.

अनुदानाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्याच्या दावणीला चार जनावरें त्यालाच तें घेतां येतें. भूमिहीन मजुराची बायको रस्त्यावरचें शेण वेंचून गोवऱ्या थापी. शेणाला मोल आल्यावर तिच्या पाटींत काय पडणार, हा प्रश्न टीकाकारांनीं वेळोवेळीं विचारला आहे, आणि तो रास्त आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम जाहीर केला व पहिल्या टप्प्यास ८५८ कोटी रुपये नेमले. त्यांत घरगुती यंत्रांच्या जोडीला कचऱ्यापासून ऊर्जा काढणारे आणि पिकांच्या काडीकचऱ्याच्या कांड्या करणारे मोठे कारखानेही आले. इकडे पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेनें निराळाच विचार केला. शेण म्हणजे जनावरानें एकदां पचविलेला चारा. त्यांत जंतूंना खाद्य थोडेंच उरतें. म्हणून उरलेलें अन्न, खराब धान्य व पिठूळ पदार्थ घालून चालणारें लहान यंत्र त्यांनीं तयार केलें, आणि २००६ सालीं त्याला इंग्लंडचें ॲश्डेन पारितोषिक मिळालें. या यंत्राला गोठा लागत नाहीं. शहरांतल्या गच्चीवरही तें बसतें.