स्पीकरला कसं कळतं?

बोरिवली किंवा मुलुंड स्टेशनबाहेर भाजीवाल्याचा क्यूआर कोड स्कॅन केला की टोपलीमागचा छोटा स्पीकर लगेच सांगतो, 'पंच्याऐंशी रुपये मिळाले.' त्याला कळतं कसं?

आपल्या फोनचा त्याच्याशी थेट संबंध नसतो. आपली बँक, भाजीवाल्याची बँक आणि दोघींना जोडणारी 2016 साली सुरू झालेली यूपीआय यंत्रणा यांच्यात निरोपांची देवघेव होते. व्यवहार पक्का झाला की पेमेंट कंपनीचा सर्व्हर स्पीकरला रक्कम कळवतो. स्पीकरमध्ये बहुधा स्वतंत्र सिमकार्ड असतं, त्यामुळे भाजीवाल्याचा फोन बंद असला तरी अडत नाही. निरोप इतका छोटा की साध्या नेटवर्कवरही पोचतो.

बऱ्याच स्पीकरांत शब्द आधीच रेकॉर्ड केलेले असतात. स्टेशनवरच्या उद्घोषणेसारखे ते जोडून वाक्य होतं. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याचा शब्द वेगळा, म्हणून तुकडेही जास्त लागतात.

कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता, एसएमएस न वाचता हिशोब कळतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर ही फारच मोलाची सोय आहे.

कधी नेटवर्क गेलं की पैसे पोचूनही स्पीकर गप्प राहतो. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका; आधी भाजीवाल्याला त्याच्या ॲपमध्ये पाहायला सांगा.